बाबा म्हणाले, मले मारून किती भेटले?

या खेपेचं पत्र दारव्हा तालुक्यातून आलंय. चांगलं चार पानं होतं, मी कापून कापून कामाचं तेवढं ठेवलं, बोली मात्र त्याचीच राहू दिली.

"काका नमस्कार. वय २३, बीए झालं. घरी सात एकर वावर, कपाशी, सोयाबीन अन् थोडी तूर. मी गाणे लिहितो, चाल लावतो अन् मोबाईलवर रेकॉर्ड करून टाकतो. मागच्या वर्षी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यावर गाणं टाकलं, पोरगा बापाच्या फोटोसमोर बोलून रायला असं. ४०,००० व्ह्यूज गेले. लोकं कमेंटमधी रडले, दोन कार्यक्रमात गायले बोलावलं. पण काका, माहा बाप जिवंत आहे. त्याईनं ते गाणं पानटपरीवर दुसऱ्याच्या मोबाईलवर ऐकलं. घरी आले, जेवले अन् हात धुता धुता एवढंच म्हणाले, मले मारून किती भेटले? मंग म्हणाले, विकून टाक तो टुणटुणा अन् पोलीस भरतीचा फारम भर. दोन दिवसानं मी सांगितलं दोन्ही केलं. दोन्ही केलं नाही. गिटार सोयाबीनच्या पोत्यांमांगं ठेवला आहे, घरी कोणी नसलं का काढतो. मी मनापासून लिहिलेले बाकीचे गाणे २०० च्या वर जात नाही. आता तुम्ही सांगा, इमानदार गाणं म्हणजे काय? दुसऱ्याचं दुःख लिहिणं खोटं आहे का? वऱ्हाडीत लिहिलं का मित्र हसतात, कॉमेडी वाटते म्हणतात, तर शुद्ध लिहू का? अन् एक जण ते ४०,००० वालं गाणं ५,००० रुपयात मागून रायला, कागदावर सही कर म्हणते. करू का? खाली नव्या गाण्याच्या चार ओळी आहेत, खराब आहेत, हसू नका."

पोट्ट्या, पहिले तर हसलो नाही. चार ओळी तीनदा वाचल्या, त्यावर नंतर येतो, कारण माझ्या मते तुझ्या सगळ्या पत्राचं उत्तर त्या चार ओळींतच आहे आणि तुला ते दिसलेलं नाही.

आधी बाबांचं वाक्य घेऊ. मी पंचवीसेक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतो, कीर्तनाला साथ करतो, पोटासाठी मांडव-डेकोरेशनचा धंदा होता तेव्हा ऑर्केस्ट्रावाल्यांचे माईकही लावून दिलेत, पण गाण्यावर इतकी नेमकी टीका मी कोणाच्या तोंडून ऐकली नाही. मले मारून किती भेटले. चार शब्द. तुला वाटलं असेल बाबा चिडले. मला नाही वाटत चिडले, चिडलेला माणूस जेवून हात धुवेपर्यंत थांबत नाही. त्यांचं काय झालं असेल ते जरा गावाच्या डोळ्यानं पाहा. शहरातल्या माणसानं ते गाणं ऐकलं की तो डोळे पुसतो आणि पुढचा व्हिडिओ लावतो, पण आपल्या गावात ऐकलं की लोकं तुमच्या घराकडे पाहतात. याच्या घरी काही चाललंय का? कृषी केंद्रवाला उधारीवर खत देताना दोनदा विचार करतो, तुझ्या बहिणीला पाहायला येणारे पाव्हणे कोणाला तरी हळूच विचारतात. बाबा टपरीवर बसलेले आणि शेजारी त्यांचाच पोरगा मोबाईलमध्ये त्यांच्या फोटोला हार घालतोय, आता तूच सांग त्यांनी त्या वेळी चेहरा कोणता करायचा.

लिंक पाठवली होतीस म्हणून गाणं ऐकलं. खरं सांगू का, गळा चांगला आहे, सूर पक्का आहे आणि गाणं उसनं आहे. आभाळ रडलं, धरणी रडली, सर्जा-राजा रडला, नांगर रडला. तुझ्या घरी नांगर आहे का रे? बैलजोडी आहे का? पत्राच्या दुसऱ्या पानावर तूच लिहिलं आहेस की बैल विकून सहा वर्षं झाली, वाहीपेरी भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. मग रडला कोण? तुझ्या गाण्यातला सावकार धोतर नेसून चोपडी घेऊन येतो, आणि आज आपल्याकडे उधारी असते कृषी केंद्राची, हप्ता असतो फायनान्सवाल्याचा, तो मोटारसायकलवर येतो आणि मायमाऊल्यांना एका अंगणात गोळा करून नावं वाचतो, हे तू लहानपणापासून पाहिलं असशील. ते गाण्यात नाही आलं. तुझ्या गाण्यातला शेतकरी तू तुझ्या वावरात कधी पाहिलेला नाहीस, तो टीव्हीवर पाहिलास, दुसऱ्याच्या गाण्यात पाहिलास, निवडणुकीच्या सभेत पाहिलास. विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना जो एकच माणूस माहीत आहे तोच तू त्यांना परत विकलास, अन् तोही आपल्याच घरचा फोटो लावून.

आणि हा विषय काही खेळण्यातला नाही, हे तुला वेगळं सांगायची गरज नाही, तू यवतमाळ जिल्ह्यातलाच आहेस. चिलगव्हाणच्या शेतकऱ्यानं १९८६ साली कुटुंबासह आत्महत्या केली, त्याची आठवण म्हणून १९ मार्चला लोक अन्नत्याग करतात, एक दिवस जेवत नाहीत. बस. भाषण नाही केलं तरी चालतं, जेवायचं नाही. मला ते तुझ्या गाण्यातल्या व्हायोलिनपेक्षा जास्त कळतं.

आता तू म्हणशील की काका, म्हणजे स्वतःवर बेतलं असेल तरच लिहायचं का. नाही बाप्पा. तसं असतं तर निम्मी गाणी पुसावी लागतील. भुलाबाई आठव. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गावोगाव सात-आठ वर्षांच्या पोरी टिपऱ्या घेऊन सासुरवासाचे गाणे म्हणतात, त्यांना सासू कुठली, त्यांचे दुधाचे दात पडायचे राहिलेत. तरी ते गाणं खोटं वाटत नाही. काहून? कारण ती पोरगी जे म्हणते ते तिच्या मायच्या, आजीच्या तोंडून आलंय, आणि गाणं चालू असताना माय तिथेच ओट्यावर बसलेली असते, खिरापतीचा डबा मांडीवर घेऊन. कधी कधी सासूही बसलेली असते! ज्यांचं दुःख आहे त्यांच्या पुढ्यातच ते गायलं जातं.

पोळ्याच्या झडत्याही तशाच. तोरणाखाली बैलं उभी असतात, एक जण मधी येऊन पाटलाला, सरकारला, भावाला, पावसाला, सगळ्यांना हाणतो आणि शेवटी हर बोला हर हर महादेव. ज्याला हाणलं तो तिथेच उभा असतो, दहा पावलांवर, फेटा बांधून. म्हणून झडती रचणारा अंदाजपंचे काही बोलत नाही, नेमकं बोलतो, कारण चुकलं तर तिथल्या तिथे कोणी म्हणेल, ए, हे असं नाही झालं. मला इमानदारीची याहून मोठी व्याख्या येत नाही. ज्याच्यावर गाणं आहे त्याच्यासमोर बसून ते म्हणता आलं पायजे. तो खूश झाला पायजे असं नाही, झडतीवर पाटील काही खूश होत नाही. पण त्याला 'हे असं नाही झालं' म्हणता यायला नको.

मी हे शहाणपण पुस्तकातून नाही शिकलो, लाज जाऊन शिकलो. चोवीस वर्षांचा होतो, तालुक्याला गीतगायनाची स्पर्धा होती, मी आजीवर गाणं रचलं. मायेची सावली, ममतेचा झरा, थरथरते हात, सुरकुतल्या गाली हसू, असं सगळं. आजीला एसटीनं नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. गाणं झालं, टाळ्या झाल्या, दुसरा नंबरही आला. परत येताना एसटीत आजीनं खिडकीतून थुंकून घेतलं अन् मला विचारलं, "कोनाच्या आजीवर होतं रे ते गानं?" अरे, ती विचारत होती! टोमणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं. माझी आजी तंबाखू-चुना खाणारी, कोंबड्यांना माणसांच्या शिव्या देणारी, लुगड्याच्या सोग्यात दहाच्या नोटा बांधून विसरणारी आणि मग आम्हा सगळ्यांना चोर म्हणणारी. एक थेंब मायेचा झरा तिच्यात नव्हता, होती ती माया वेगळीच, रात्री आम्ही झोपलो की उठून एकेकाच्या नाकाखाली बोट धरून श्वास पाहायची, कारण तिची दोन लेकरं लहानपणी झोपेत गेली होती. हे मला माहीत होतं. मी पाहिलं होतं! आणि गाण्यात मी लिहिलं, सुरकुतल्या गाली हसू. नाकाखाली धरलेलं बोट मला गाण्यासारखं वाटलं नाही, सावली वाटली. ते गाणं मी परत कधी म्हटलं नाही, कप अजून घरी आहे, त्यात शिवणाच्या सुया असतात.

म्हणून दुसऱ्याचं दुःख लिहायचं असेल तर लिही, पण आधी तिथे जा. तुझ्या आसपास असं एखादं घर असेल, दुर्दैवानं असतंच. जाऊन लगेच मोबाईल काढू नकोस. चार वेळा जा, काही काम असेल तर कर. तुला दिसेल की ती बाई दिवसभर रडत नाही. ती सातबाऱ्यावर नाव चढवायला कितव्यांदा तरी चकरा मारून आलेली असते, पोराच्या अॅडमिशनचा दाखला शोधत असते, शेजारणीशी कशावरून तरी खळखळून हसतेसुद्धा, आणि मग हसल्याबद्दल स्वतःच इकडेतिकडे पाहते. ते पाहणं तुझ्या गाण्यात आलं तर ते गाणं आधी तिला ऐकव, ती नको म्हणाली तर ते वहीतच राहू दे. ४०,००० लोकं हो म्हणाले तरी तिचा नकार मोठा. हे कठीण आहे, गाणं मारावं लागलं की जीव जळतो, मला माहीत आहे.

आता त्या चार ओळी. वाचकांसाठी इथे देतो.

बाबा म्हने फारम भर, मी म्हनलो भरला,
सोयाबीनच्या ढिगामांगं खोटेपना दडला.

(दोन ओळींच्या चार केल्या होत्यास, मी जोडून लिहिल्या.) पहिली ओळ वाचून मी पेटीवरून हात काढला. तिच्यात काही रडत नाही, आभाळ नाही, धरणी नाही, फक्त बाप विचारतो आणि पोरगा खोटं बोलतो, आणि आपल्याकडच्या प्रत्येक घरातल्या प्रत्येक पोराचा त्यात फोटो आहे. भरती, एमपीएससी, तलाठी, वनरक्षक, फॉर्म भरलेले, न भरलेले, भरून परीक्षेला न गेलेले. हे गाणं आहे! आणि दुसऱ्या ओळीत तू घाबरलास. खोटेपना दडला. अरे खोटेपणा कुठे ढिगामागे दडतो का? तुझ्याच पत्रात तूच लिहिलंस की पोत्यांमागे काय आहे. गिटार आहे. मग गाण्यात गिटार कुठे गेला? पत्रात मला खरं सांगितलंस आणि गाण्यात जाऊन शहाणा झालास. मी तुझ्या ओळीत काही फार केलं नाही, तुझाच माल तुला परत देतो,

बाबा म्हने फारम भर, मी म्हनलो भरला,
सोयाबीनच्या पोत्यामांगं गिटार दडवला.

मोजून पाहा, तुझ्या दोन्ही ओळी नऊ आणि सात अक्षरांवर होत्या, ही पण तेवढीच आहे, चाल बदलायची गरज नाही. (गिटार ती की तो यावर मला कोणी पत्र पाठवू नका, आमच्याकडे शेजारी हिंदी असल्यामुळे गिटार तो असतो.) अक्षर मोजायची सवय तशी चांगली लागली आहे तुला, मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार, छोट्यात आठ-आठ, भजनात बसून बसून हे हाडात जातं, ते सोडू नकोस. पण मोजलेल्या जागेत भरायचं काय हा खरा प्रश्न आहे, आणि माझा अनुभव असा की जिथे आपल्याला लाज वाटते तिथे आपण मोठा शब्द घालतो. खोटेपणा, वेदना, काळीज, नियती. मोठा शब्द म्हणजे झाकण आहे. पुढच्या कडव्यात असा शब्द आला की थांब आणि स्वतःला विचार की याच्याखाली कोणती वस्तू ठेवली आहे. वस्तू सापडली की तीच लिही. तुझ्याकडे अजून किती वस्तू पडल्या आहेत बघ, भरतीच्या तयारीसाठी बाबांनी आणून दिलेले बूट आहेत, ते तू पहाटे पळायला म्हणून घालून जातोस आणि पुलावर बसून गाणं लिहितोस हे तिसऱ्या पानावर आहे. बूट झिजत नाहीत म्हणून तू ते दगडावर घासलेस! हे वाचून मात्र मी हसलो, माफ कर. यापेक्षा चांगलं कडवं मी तुला काय सांगू.

तुझं ते रात्रीच्या लाईनीवरचं गाणं पण ऐकलं, ओलिताला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन जाणारं, ज्याला जेमतेम २०० व्ह्यूज आहेत. त्यात तिसऱ्या कडव्यात मोटर सुरू होते तो आवाज तू तोंडानं काढलास, तिथे अंगावर काटा आला. ते गाणं तुझं आहे. व्ह्यूजचा विचार काही दिवस ठेवून दे बाजूला, पैशाच्या हिशेबानंही तो कामाचा नाही, यूट्यूबवर लांब व्हिडिओंना १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास लोकांनी पाहिल्याशिवाय जाहिरातीचा रुपया हाती येत नाही, आणि कमेंटमध्ये रडणारा माणूस परत येईलच असं नसतं, पुढच्या रडण्याकडे जातो.

वऱ्हाडीचं. तुझे मित्र हसतात त्यात त्यांची चूक नाही, सिनेमात-नाटकात वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की तो विनोदी नोकर असणार हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलंय, कान तसे तयार झालेत. पण गाडगेबाबा (१८७६-१९५६) मुंबईच्या लोकांसमोरही आपल्याच बोलीत कीर्तन करायचे, लोकं हसायचे पण, आणि त्याच हसण्यात पाच मिनिटांनी मान खाली जायची. बोली तीच, हसू तेच, पुढं नेणारा माणूस वेगळा. तू शुद्ध लिहायला घेतलंस तर मला भीती आहे की आभाळ परत रडायला लागेल, कारण शुद्ध भाषेत तुला तयार शब्द जास्त माहीत आहेत. पण हेही म्हणेन, मुद्दाम जाडी वऱ्हाडी पण लिहू नकोस, प्रत्येक ओळीत काहून अन् बाप्पा पेरून. घरी बाबांशी बोलताना जी तोंडात येते ती. मी स्वतः हे सदर खिचडीत लिहितो, अर्धं मास्तरचं अर्धं वावरातलं, बायको म्हणते धड इकडचं नाही धड तिकडचं. पण मी बोलतोच असा.

गाण्याच्या कामाचं थोडं. तू सी चे कॉर्ड धरून कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) पाचव्या घरावर लावतोस, म्हणजे पांढरी चारमध्ये गातोस, आणि वरच्या सुरावर गेलास की ओरडतोस, ओरडलं की लोकांना भावना वाटते, पण ती गळ्याची ओढाताण असते. कॅपो पहिल्या घरावर आण, काळी एकमध्ये म्हणून पाहा. आवाज बसका वाटेल पहिल्या दिवशी, तोच तुझा आवाज आहे, बाबाला फॉर्म भरला म्हणून सांगणारा माणूस इतक्याच पट्टीत बोलतो. मागची व्हायोलिन, सनई, विजेचा कडकडाट सगळं काढ. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गेला आहेस ना? आयुष्यभर खंजिरीवर भजन म्हणून माणसं हलवली त्या माणसानं, आणि १९६८ साली ते गेले त्या वेळेला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, तिथे जमलेली एवढी मोठी गर्दी मौन उभी राहते. एकदा त्या गर्दीत उभा राहिलास की तुला कळेल की शांततेचा पण ठेका असतो. तुझ्या गाण्यात दोन ओळींच्या मधी जागाच नाही, तिथे लगेच कीबोर्ड घुसतो.

रेकॉर्डिंगसाठी पैसे घालू नकोस. सीतादही (वेचणीआधीची कपाशीची पूजा) झाली असेल, वेचणी सुरू असेल, घरात एका खोलीत कापूस पडला असेल. त्या खोलीत जाऊन म्हण. टाळी वाजवून बघ, कापूस सगळा घुमारा पिऊन घेतो, नागपूरच्या स्टुडिओत भिंतीला फोम लावतात ते हेच काम. पंखा बंद, मोबाईल एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरपा. एकच आहे, कापूस लय दिवसाचा असेल तर अंगाला खाज सुटते, एका गाण्याच्या वर बसू नकोस, आणि तिथे उदबत्ती-बिडी चुकूनही नाही.

पाच हजारवाल्याला सध्या नाही सांग. कायदा असा आहे की गाणं लिहिलं-चाल लावली त्या क्षणापासून हक्क तुझा, नोंदणी केली नाही तरी, आणि तू जिवंत असेपर्यंत आणि नंतर ६० वर्षं राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सही करूनही सोडून देता येत नाही, तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. कागदावर 'सर्व हक्क कायमचे' असं काही असेल तर तालुक्याच्या एखाद्या वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उघडू नकोस. एकदा एका कॅसेटवाल्यानं माझी चार भजनं अशीच नेली होती, एका चहावर. चहा पण मीच पाजला होता. आणि खरं तर हक्काच्या आधी मला वाटतं की ते गाणं विकायचं की काढून टाकायचं हे तू बाबांना विचारावं, फोटो त्यांचा आहे.

बाबांवरच येऊन थांबतो. तू विचारलं नाहीस तरी सांगतो, फॉर्म आणि गिटार या दोन खोटांवर तू फार दिवस बसू शकत नाहीस, त्याला कारण नीतीबिती नाही, बाजारभाव आहे. बाबा सोयाबीन घरात ठेवून भावाची वाट पाहतायत, २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि खुल्या बाजारात तेवढा भेटला नाही म्हणून पोती पडून आहेत. पण खरेदी केंद्रावर नंबर लागला किंवा घरात पैशाची गरज निघाली की एक दिवस सकाळीच ऑटो दारात उभा राहील, बाबा पहिलं पोतं स्वतः उचलतील, दुसरं उचलतील, आणि मागे तुझा गिटार उभा असेल. त्या वेळी तू पुलावर असशील, बूट घासत.

त्याच्या आधी गाणं पुरं कर. तीन कडवी पुरेत. संध्याकाळी जेवणं झाल्यावर, अंगणात, मोबाईल न लावता, गिटार घेऊन बस आणि म्हण. बाबा उठून जातील कदाचित. कदाचित पुन्हा चार शब्द बोलतील आणि ते पहिल्यापेक्षा जड असतील. फॉर्म भरायला लावतील, तर भर, शेवटची तारीख गेली नसेल तर, पोलिसात राहून पण गाता येतं, आमच्या मंडळातला पखवाज्या हवालदार आहे. काय झालं ते मला कळव, छापणार नाही.

आणि गिटार काढशील तेव्हा आधी फडक्यानं तारा पुसून घे, सोयाबीनची भुकटी बसली असेल.